कुरळ्या केसांचे वाळवण

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या महिन्यात खडेबाजारातून जात असता बांगड्या-रिबिनींच्या एका दुकानापाशी मी थबकले. आत एक शाळकरी मुलगी आपल्या आईबरोबर उभी होती आणि दुकानदार तिला केस सरळ करण्याची विजेची इस्त्री दाखवीत होता. "ताई, पाच मिनिटांत केस रेशमासारखे होतात," असे तो सांगे, आणि ती मुलगी कपाळावर उडणाऱ्या आपल्या कुरळ्या बटांवरून हात फिरवीत आईकडे पाही. आईने किंमत विचारली, जरा वेळ विचार केला आणि "दिवाळीला बघू" असे म्हणून तिला पुढे नेले. त्या दोघींच्या मागे जाऊन काही सांगावे असे मला फार वाटले; परंतु अनोळखी माणसाच्या केसांविषयी भर बाजारात बोलणे बरे दिसत नाही. तेव्हा जे तिथे बोलता आले नाही, ते आज आपणापुढे बोलणार आहे. कुरळे केस आचेवाचून, नुसत्या वाऱ्यावर वाळत असतानाच लांब आणि मोकळे कसे करून घ्यावेत, हा माझा विषय.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. मीही एके काळी तसेच म्हटले असते. परंतु दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खानापूरच्या रानाकडची एक सिद्दी मुलगी आली आणि माझे मत बदलले.

सिद्दी म्हटले की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, मराठ्यांना शेवटपर्यंत हाती न आलेला तो पाण्यातला किल्ला आठवतो. परंतु ज्यांच्याविषयी मी बोलते आहे ते सिद्दी दर्यावरचे नव्हेत, रानातले. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या बाजूला त्यांच्या वाड्या आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम करून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांपैकी जे निसटले ते घाट चढून या जंगलात शिरले आणि इथलेच झाले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आम्हा कॅथलिकांपैकीही पुष्कळ आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून 'कवंदी' नावाची सुरेख गोधडी शिवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना मात्र त्यासाठी २०२० सालापर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले.

तर ती मुलगी. आमच्या शाळेचा नियम असा की, मुलींनी दोन वेण्या घालून, त्या वर दुमडून रिबिनींनी बांधाव्यात. हिच्या वेण्या दुमडायच्या कशा? ओढून पाहिले तर तिचा केस वीतभराहून लांब होता, सोडला की चार बोटांचा होई. रिबिनी बांधल्या तरी प्रार्थनेची घंटा होईपर्यंत गळून पडत. "नीट विंचरून ये," असे मी तिला दोन-तीनदा सांगून परत पाठवले, हे आज सांगताना मला लाज वाटते. ती मुकाट्याने जाई आणि केस आणखी घट्ट ओढून येई. काही महिन्यांनी तिच्या कपाळालगतचे आणि कानांवरचे केस विरळ झालेले मला दिसले. पुढे स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका मैत्रिणीने घरची इस्त्री आणली आणि नुकत्याच न्हालेल्या ओल्या केसांवरून फिरवली. चर्र आवाज झाला, जळल्याचा वास सुटला, आणि दुसऱ्या दिवशी फणीत मूठभर तुटलेले केस आले. मुलगी आठवडाभर डोक्याला रुमाल बांधून शाळेत येत होती. शेवटी तिची आजी गावाहून आली. ती मला रागावेल अशी माझी अपेक्षा होती. तिने फक्त एवढेच म्हटले, "बाई, असल्या केसाला वढायचं नसतंय. त्याला बसाया शिकवायचं असतंय."

त्या म्हातारीचे हे वाक्य मी विसरले नाही. नंतर पुष्कळ वाचले, जाणकारांना विचारले, आणि तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे असे मला दिसून आले. ते कसे, ते आता पाहू.

आपला केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नखे आणि गुरांची शिंगे त्याच द्रव्याची. या प्रथिनाचे लांब धागे एकमेकांना दोन प्रकारच्या बंधांनी जखडलेले असतात. एक बंध गंधकाचा. तो पक्का, पाण्याने सुटत नाही, तीव्र रसायनानेच सुटतो. दुसरा बंध हायड्रोजनचा. तो एकेकटा दुबळा, पण संख्येने अगणित. केस भिजला की पाणी आत शिरते आणि हे दुबळे बंध सुटतात. केस वाळला की ते पुन्हा जुळतात. मुख्य गोष्ट ही की, वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात ते जुळतात. बुरूड बांबूच्या पट्ट्या भिजवून वाकवतो आणि वाळल्यावर टोपलीचा घाट तसाच राहतो, हे आपण पाहिलेले आहे. आणखी घरगुती उदाहरण हवे असेल तर आपल्या आज्यांची लुगडी आठवा. धुतलेले नऊवारी लुगडे दोघीजणी दोन टोकांना धरून ताणीत, झटकीत, आणि तसेच ताणून दोरीवर टाकीत. वाळल्यावर त्याला इस्त्रीची गरज पडत नसे. तेच लुगडे पिळून पिळ्यासकट टाकले असते तर सुरकुत्या तशाच राहिल्या असत्या. कुरळ्या केसांना आचेवाचून ताण देण्याची सारी युक्ती या लुगड्यात आहे.

केस मुळात कुरळा का होतो? तो ज्या मुळातून उगवतो ते मूळ त्वचेच्या आत वाकडे असते, आणि केसाचा काप गोल नसून चपटा, लंबगोल असतो. म्हणजे कुरळेपणा हा काही विंचरण्यातला हलगर्जीपणा नव्हे. ती जन्माची घडण आहे. तिला आणखी एक त्रास चिकटलेला असतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज शेंड्यापर्यंत घसरते. नागमोडी वाटेवर ते मध्येच अडते. म्हणून कुरळे केस शेंड्याला नेहमी कोरडे असतात, आणि कोरडा केस लवकर तुटतो.

या ठिकाणी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर याने १७८३ साली माणसाच्या केसापासून हवेतील दमटपणा मोजण्याचे यंत्र प्रसिद्ध केले. हवा कोरडी असता केस आखडतो, दमट असता सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. अशी यंत्रे पुढे दीर्घकाळ वेधशाळांतून वापरात होती. मग कोणी विचारील की, दमट हवेत केस लांबतो तर पावसाळ्यात कुरळे केस उलट आखूड का दिसतात? कारण असे की, प्रत्येक केस किंचित लांबतो हे खरे, परंतु त्याच वेळी हवेतील पाणी आत शिरून ते दुबळे बंध सैल करते, आणि केस आपल्या जन्मजात वळणावर परत जातो. खऱ्या लांबीत पडलेली इवलीशी भर वेटोळ्यात हरवून जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. त्या आजीने शाळेच्या मागच्या ओट्यावर बसून नातीचे केस केले तेव्हा मी शेजारी बसून पाहिले होते. त्यात नंतर शिकलेल्या काही गोष्टींची भर घालून सांगते.

न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी खोबरेल तेल लावावे. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातून धुण्याबरोबर निघून जाणारे प्रथिन खोबरेलाने कमी झाले, बाकीच्या दोहोंनी नाही. आपल्या कोकणपट्टीला ही गोष्ट संशोधनावाचून ठाऊक होती, पण पुरावा असलेला बरा. शिकेकाई वापरत असाल तर ती गाळून घ्यावी, कारण तिचा भुगा कुरळ्या केसांत अडकला की निघता निघत नाही. न्हाऊन झाल्यावर केसांना काहीतरी बुळबुळीत लावावे: जास्वंदीच्या पानांचा रस, कोरफडीचा गर, किंवा बाजारातले कंडिशनर. बुळबुळीतपणा असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने, शेंड्याकडून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवावा. मुळाकडून खाली विंचरले तर सगळ्या गाठी शेंड्याशी जमतात आणि मग केस तोडण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

नंतर पाणी टिपून घ्यावे. पंचाने खसखसा पुसू नये. जुने सुती पातळ किंवा मऊ बनियन डोक्याभोवती गुंडाळून दाबावे. केस निथळायचे थांबले पाहिजेत, पण ओलसर राहिले पाहिजेत. ही अवस्था ओळखणे हीच खरी हातोटी. पार ओल्या केसांची वेणी घातली तर ती आतून दिवसभर वाळत नाही, आणि अर्धवट सुकलेल्या केसांची घातली तर बंध आधीच वेड्यावाकड्या आकारात जुळून बसलेले असतात.

आता केसांचे सहा ते आठ भाग करावेत. केस फारच दाट असतील तर दहा. प्रत्येक भागाची साधी तिपेडी वेणी घालावी. ती मुळाशी किंचित ताणून घालावी, पण किंचितच. बारीक वेणीने बारीक वळण राहते, जाड वेणीने केस अधिक सरळ होतात. हे ज्याने त्याने आपल्या आवडीने ठरवावे. वेण्या झाल्या की एकेक वेणी डोक्यावरून विरुद्ध बाजूला नेऊन काट्याने बसवावी. ही पायरी पुष्कळजणी गाळतात आणि मग मुळाशी केस फुगलेले व शेंड्याशी सरळ, असे विचित्र रूप येते. वेणी आडवी नेल्याने मुळालाही ताण मिळतो.

दुसरी रीत बांधण्याची. केसांचा एक भाग हाती धरून त्याला मुळापासून शेंड्यापर्यंत दर दोन बोटांवर मऊ कापडाची चिंधी बांधीत जायचे. बांधलेला केस फुलमाळेसारखा दिसतो. नुसते रबर कदापि वापरू नये. ते केस कापते. ही रीत वेणीपेक्षा अधिक सरळ करते, परंतु वेळ फार घेते. तिसरी रीत दोऱ्याची: केसांच्या भागाभोवती लोकरीचा किंवा सुती दोरा मुळापासून शेंड्यापर्यंत गुंडाळीत जाणे. पश्चिम आफ्रिकेत योरुबा स्त्रियांमध्ये ही फार जुनी कला आहे आणि तिच्यातून त्या सुंदर केशरचनाही करतात. आपल्याकडची आगवळ या दोऱ्याची दूरची बहीण म्हणावी लागेल, जरी तिचे काम वेणी सांभाळण्याचे. त्या आजीने ओट्यावर बसून दोराच गुंडाळला होता. हे तिला कोणी शिकवले असे मी विचारले, तर ती म्हणाली, "आईनं." आणि आईला? तर तिच्या आईने. समुद्रापलीकडच्या भाषेतला एक शब्दही त्या घरात उरलेला नव्हता. बोटे मात्र हे काम करीत होती.

वाळायला किती वेळ लागतो? एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात दाट केसांच्या वेण्यांना चार-पाच तास पुरतात. सावलीत, वाऱ्याच्या झुळकीत किंवा पंख्याखाली बसावे; भर दुपारच्या उन्हात बसण्याचे कारण नाही. पावसाळ्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडे, जिथे जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात, तिथे एक दिवसही अपुरा पडतो. केस पुरते वाळले की नाही हे गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे. ओल असताना वेणी सोडली तर सारी मेहनत फुकट. तासाभरात केस आपल्या जागी परत जातात. सोडताना बोटांना तेलाचा थेंब लावावा आणि रात्री डोक्याला जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा बांधून निजावे, कारण सुती उशी केस ओरबाडते. एवढे केले तर चार-पाच दिवस केस मोकळे राहतात.

"ओल्या केसांची वेणी घालू नये" असे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या आहेत, त्याचे काय? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डोक्याची त्वचा दीर्घकाळ ओली राहिली की केसांना कुबट वास येतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. म्हणून सकाळी न्हावे, रात्री नव्हे; पाणी नीट टिपावे; भांग मोकळा ठेवावा, म्हणजे त्वचेला वारा लागतो. पण सरळ केसांना लागू असलेला नियम कुरळ्या केसांवर जसाच्या तसा लादणे योग्य नव्हे. मोकळे सोडून वाळवले तर कुरळे केस एकमेकांत असे गुंततात की विंचरताना निम्मे तुटून हाती येतात.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा सांगेन, कारण तिच्यात माझा स्वतःचा अपराध आहे. ताण आणि ओढ यांत फरक आहे. वेणी घातल्यावर डोके दुखत असेल, कपाळाची कातडी वर ओढल्यासारखी वाटत असेल, केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येत असतील, तर वेणी ताबडतोब सैल करावी. घट्ट बांधण्याने कडेचे केस गळतात, हे १९०७ साली ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या बाबतीत प्रथम नोंदले गेले. त्या केस करकचून वर बांधीत. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मूळच मरते आणि मग काही उपाय चालत नाही. शाळेच्या शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांनी मुलींच्या कपाळाकडे अधूनमधून पाहावे.

आता त्या विजेच्या इस्त्रीविषयी. तव्यावर भाकरी का फुगते? आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रा वर उचलते. ओल्या केसावर तापलेली इस्त्री फिरवली की हेच घडते. केसाच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होतात, केस आतून पोकळ होतो आणि त्या जागी तुटतो. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत झाले ते हेच. कोरड्या केसावर, बेताच्या आचेने, क्वचित वापरली तर इतके नुकसान होत नाही हेही खरे; पण शाळकरी मुलीच्या हाती रोज सकाळी घाईत जी वस्तू जाणार ती बेताने वापरली जाईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

रसायनांनी केस कायमचे सरळ करण्याची पद्धत तर याहून गंभीर. ती त्या पक्क्या गंधकबंधांवरच घाव घालते. काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. हे द्रव्य माणसाला कर्करोगकारक असल्याचा निर्णय कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली दिला. अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. केस सरळ करण्याची रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण, ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. रोग एकूण विरळ आहे, आणि अशा पाहणीवरून कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही. तथापि आपल्या मुलीला हा धोका पत्करू देण्यापूर्वी कोणत्याही आईने दोनदा विचार करावा.

हे सगळे ऐकून एखादी तरुणी विचारील, "बाई, पण केस सरळ करायचेच कशाला?" प्रश्न रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथील मुलींच्या शाळेत २०१६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी हाच प्रश्न विचारला. त्यांचे नैसर्गिक केस शाळेच्या नियमात 'नीटनेटके' ठरत नव्हते. त्या मुली उभ्या राहिल्या आणि नियमांची चौकशी झाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केसांच्या जातकुळीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. आपल्याकडे कोणी कायदा केला नाही, पण 'केस झिंज्या', 'डोक्यावर घरटे' हे शब्द आपण किती सहज वापरतो! वास्तविक जुन्या शिलालेखांत आपल्या या प्रदेशाला कुंतल देश म्हटले आहे, आणि कुंतल म्हणजे केस. ज्या देशाचे नावच केसांवरून वाटावे, त्या देशात मुलीने आपले केस लपवावेत हे मला विपरीत वाटते.

तेव्हा मी जे सांगितले ते केस सरळ दिसावेत म्हणून नव्हे. ताणून वाळवलेल्या केसांत गुंता कमी होतो, विंचरताना कमी तुटतात, आणि वेणी घालायची झाल्यास घालता येते. ज्या मुलीला आपली वेटोळी तशीच आवडतात तिने ती तशीच मिरवावीत.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आजी गेल्यावर ती दर शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून स्वतःच दोरा गुंडाळू लागली. रविवारी सकाळी ती प्रार्थनेला येई तेव्हा केस खांद्यापर्यंत आलेले असत. कपाळावरचे केस भरून यायला वर्ष लागले. रिबिनींचा नियम आम्ही शिक्षकांच्या सभेत बदलून घेतला. 'दोन वेण्या' याऐवजी 'केस नीट बांधलेले असावेत' एवढेच शब्द ठेवले. सभेत एका बाईंनी हरकत घेतली की, मग नीट म्हणजे काय हे कोण ठरवणार? त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ते ज्याच्या त्याच्या आईवर सोपवावे असे ठरले, आणि ज्या मुली वसतिगृहात राहतात त्यांच्या बाबतीत त्यांच्या आजीवर.